दोघींचा दमा, एक जनेल

काय सांगू तुम्हाला बाई, माझा जन्म आंबोलीचा, आणि आंबोलीचा पाऊस म्हणजे काय ते तुम्ही नुसतं ऐकलं असणार, आमच्याकडे ढग पुढच्या दाराने आत यायचे आणि मागच्या दाराने निघून जायचे, आणि जाताना अंथरूण-पांघरूण सगळं ओलं करून जायचे, चार-चार महिने कपडे चुलीवर धरून वाळवायला लागायचे, आणि तरीसुद्धा सांगते, लग्न होईपर्यंत मला साधी शिंक माहीत नव्हती. माझ्या बाबांचं घाटात चहाचं दुकान होतं, तिथे मोटारी थांबायच्या, चढ चढून इंजिन तापलेलं असायचं, त्याला पाणी घालायला लागायचं, आणि ते पाणी मी खालच्या झऱ्यावरून घागरीने आणायचे, धावत, एका दमात, आणि ड्रायव्हर बाबांना म्हणायचे, अण्णानु, ह्या चेडवाच्या छातीत इंजान बसवलात काय. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे सगळा जन्म माझा हेच पटवून देण्यात गेला की माझी छाती मुळात अशी नव्हती.

आणखी एक, मी चौथी शिकलेय, तेव्हा तुमच्याशी तुमच्यासारखं बोलते, तुम्हाला लिहायला बरं. पण मधेच राग आला तर मालवणीच येणार तोंडात, त्याला इलाज नाही, ती तशीच लिहा. आणि राग येणार, कारण सासूबाईंचं सांगायचंय.

तर स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा माझं लग्न झालं आणि मी घाटावरून खाली समुद्राकडे आले, कुणकेश्वराच्या अलीकडे, गावाचं नाव नका लिहू, तात्या भावोजी अजून आहेत आणि त्यांना वाचता येतं. आमचे हे सुतारकाम करायचे, अजून करतात. हात सोन्याचा हो, आजूबाजूच्या गावांत जेवढी म्हणून जनेलं आहेत, जनेल म्हणजे तुमची खिडकी, ती बहुतेक ह्यांनी बसवलेली, जांभ्याची भिंत फोडून चौकट अशी बसवतील की वरून पाणी ओता, थेंब आत यायचा नाही. आणि ह्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघराला जनेल नव्हतं. एकसुद्धा नव्हतं, बाई. एका बाजूला माजघर, दुसऱ्या बाजूला गोठा, तिसऱ्या बाजूला कोठार, आणि चौथी भिंत उरली ती बरोबर मेरेवर, म्हणजे आमच्या आणि तात्या भावोजींच्या हद्दीवर. तात्या भावोजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा भिंत आमची आणि भिंतीच्या पलीकडचा वारा त्यांचा, असं काहीतरी झालं. जनेल पाडूया असं ह्यांनी एकदा नुसतं म्हटलं होतं, तर तात्या भावोजी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहून म्हणाले, आज धूर येतलो, उद्या धुराच्या मागसून हक्क येतलो, आणि परवा तुमी माझ्या परड्यात बसून जेवतल्यास. झालं, विषय संपला. भावकीत एकदा नाही म्हटलं की ते नाही नातवंडांपर्यंत टिकतं.

त्या काळोखात मी रांधायचे. पावसाळ्यात ओली लाकडं, नारळाची ओली सोडणं आणि झावळ्या, आणि भात उकडायचं असलं की विचारू नका, मोठं हंडं चुलीवर आणि मी फुकणी घेऊन खाली वाकलेली, फू फू फू, आणि धुराला जायला वाट कुठे, तर कौलांच्या फटी आणि माझं नाक. थोरला मुलगा झाला त्याच्या पुढच्या पावसात एक दिवस भात उकडता उकडता माझा श्वास आत गेला तो बाहेरच येईना. तुम्हाला कसं सांगू, छातीवर कोणीतरी जातं ठेवलंय आणि वर बसून दळतंय. मी भिंतीला धरून उभी, मरते असंच वाटलं मला, पोर पाळण्यात, आणि मनात एवढंच, की हिच्या हाती पोर जाणार.

हिच्या म्हणजे सासूबाईंच्या. त्या तिथेच होत्या, नारळ खोवत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, सोंगां सगळी, काम दिसलां की हिका दम लागता, आमी चाळीस वर्सां ह्याच चुलीफुडे बसलंव, आमका काय झालां. आता गंमत ऐका. ह्याच सासूबाई रोज पहाटे उठल्या की खोकायला सुरुवात करायच्या ती गायीचं दूध काढून होईपर्यंत. पण त्याला आमच्या घरात खोकला म्हणत नसत. त्याला आई उठली म्हणत. शेजारीपाजारीसुद्धा त्यावर उठायचे, तात्या भावोजींची बायको त्यावर चहा ठेवायची. त्यांचा खोकला म्हणजे घरची रीत आणि माझा दमा म्हणजे सोंग, असा न्याय.

मग उपाय सुरू झाले. मोरपिसाची राख मधातून, ती झाली. देवाला कौल लावून झाला, देवाने उजवी पाकळी दिली, म्हणजे होकार, पण तो कशासाठी दिला ते कोणाला समजलं नाही. कोजागिरीला चांदण्यात ठेवलेली औषधाची खीर खाल्ली, ती मात्र छान होती, मी मागून घेतली. एका वैद्याने सांगितलं, धोतऱ्याची सुकी पानं जाळून त्याचा धूर छातीत घे. म्हणजे बघा, धुरात बसून बसून दम लागलेल्या बाईला धुराचंच औषध. खोटं कशाला बोलू, त्याने थोडं मोकळं वाटायचं, पण डोकं असं गरगरायचं की एकदा मी गोठ्यातल्या म्हशीला भावोजी म्हणून डोक्यावर पदर घेतला.

एक दिवस मी ह्यांच्यापुढे रडले. म्हटलं, सगळ्या गावाला वारा देता, मला एक भोक द्या भिंतीला, मी मरेन नाहीतर. हे माणूस वाईट नाहीत हो, पण आई आणि भावकी ह्यांच्यामध्ये सापडलेला पुरुष म्हणजे काय असतो तुम्हाला ठाऊक आहे. हे म्हणाले, मी तात्याचे पाय धरीन, पण आवस म्हणता सोंग, तात्या म्हणता निमित्त, तेवा डॉक्टरान सांगूक व्हया, खऱ्या डॉक्टरान, सगळ्यांच्या समोर, की ह्यां खरां आसा म्हणान. आता खरा डॉक्टर आणायचा कुठून, आमच्याकडे डॉक्टर म्हणजे देवगडला, आणि बायको धापा टाकते म्हणून एवढ्या लांब नेण्याची तेव्हा रीत नव्हती, बाळंतपणाला न्यायचे नाहीत तिथे धापेला कोण नेतो.

आणि मग काय झालं, देवाने डॉक्टरच पाठवला. डॉक्टरीण. धाकटी मुलगी शाळेत जायला लागली होती ते वर्ष. मुंबईच्या कुठल्यातरी मोठ्या हॉस्पिटलातली, चष्मा, पांढरं पातळ, हातात घड्याळ, आणि बरोबर एक कंपाउंडर आणि एक यंत्र. शाळेच्या मास्तरांनी गावात सांगितलं की ह्या बाई छातीच्या रोगांवर संशोधन करतात, दमा का होतो, जुना खोकला का होतो, ते बघतात, आणि त्यांना विशेष हे शोधायचंय की विडीला कधी शिवलेल्या नाहीत अशा म्हाताऱ्या बायकांची छाती विडी ओढणाऱ्यांसारखी का वाजते. तेव्हा सगळ्यांनी देवळात या, यंत्रात फुंका. गावाने ह्यातलं काय ऐकलं असेल? छाती बघणार, यंत्र आणलंय, देवळात या, एवढंच ऐकलं. आणि लगेच पहिला प्रश्न कुठला निघाला, तर पयलो मान कोणाचो.

हसू नका, आमच्याकडे होळीची पहिली काठी कोणाची, पालखीचा पहिला खांदा कोणाचा, ह्यावरून डोकी फुटतात, तर यंत्रात पहिली फुंक कोणाची हे काय असंतसं सुटणार? गावकार म्हणजे गावचे पहिले मानकरी, त्यांनी सांगितलं, मान आमचा. तात्या भावोजी म्हणाले, होळीचा तुमचा, यंत्राचा कोणी दिला? शेवटी डॉक्टरीणबाईच कंटाळून म्हणाल्या, कोणीही या हो, सगळ्यांची छाती सारखीच. असं म्हणायला नको होतं त्यांनी. अर्धे मानकरी उठून चालायला लागले. तेव्हा मास्तरांनी कसंबसं समजावलं आणि ठरलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि मग गावकारांनी फुंकायचं. गावकार हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, बा देवा म्हाराजा, आज ही मुंबयची डॉक्टरीणबाय ह्यां यंत्र घेवन तुझ्या दारात इल्ली आसा, तेका कोणाची नजर लागा नये, व्हय म्हाराजा, कोणाचो वारो कमी झालो आसात तो पुरो कर, व्हय म्हाराजा, आणि मानकऱ्याचो मान मानकऱ्याक गावांदे, व्हय म्हाराजा. प्रत्येक वेळी सगळा गाव व्हय म्हाराजा म्हणाला, डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या, पण सगळ्यांच्या मागून, एकट्याच.

यंत्र म्हणजे काय, पाण्याचं एक पिंप, त्यात उलटा डबा, नळीतून जोराने एकदम फुंकलं की डबा वर येणार आणि काटा सरकणार, पहिल्या झटक्याला किती वारा बाहेर पडतो ते बघायचं. नळीच्या टोकाला तोंडात धरायला काचेचा तुकडा. डॉक्टरीणबाई पलीकडे पडवीत पोरांच्या छात्या तपासायला बसल्या आणि यंत्रावर कंपाउंडर. गावकारांनी फुंकलं, डबा वर आला, सगळ्यांनी वा वा केलं. पुढे तात्या भावोजींचा नंबर, ते म्हणाले, ह्या काचेक गावकाराचां तोंड लागलां, मी तेचां उष्टां तोंडात घालूचंय नाय. कंपाउंडर म्हणाला, धुतो ना मी, स्पिरिटने धुतो. भावोजींनी बाटली हुंगली आणि ओरडले, अरे ही तर दारू! आता दारूबंदीचे दिवस, गावकारांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि सरकारी माणसाने दारूत बुडवलेली नळी देवळात त्यांच्या तोंडात घातली! गावकार देवळाच्या विहिरीवर जाऊन चुळा भरायला लागले, ते संपेपर्यंत संशोधन बंद.

आणि बायकांचं तर आणखी वाईट. नवऱ्याचं उष्टं चालतं, पण जिथे भावोजींनी तोंड लावलं तिथे मी कसं लावणार, आणि सासऱ्यांनी लावलं तिथे सुनेने कसं लावणार? कंपाउंडर बिचारा घाटावरचा, त्याला ह्यातलं काही उमजेना, तो सारखा म्हणे, अहो उकळतो पाण्यात. अहो उकळून उष्टं जातं का?

तेव्हा आमचे हे पुढे झाले. सुतार माणूस, कुठेही भोक दिसलं की ह्यांचं डोकं चालतं. हे म्हणाले, जेची तेची नळी जेणी तेणी हाडा, रबरात बसवून देतंय. झालं, सगळा गाव धावला. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो ना, ते देठ कापून आणले पुरुषांनी, चुळा भरून आलेल्या गावकारांनीसुद्धा, परत फुंकायला, तात्या भावोजींनी करंगळीएवढा कोवळा देठ आणला, म्हणाले स्वच्छ आहे. बायकांनी घरून आपापल्या फुकण्या आणल्या, बांबूच्या, त्यांना टोकाला बारीक भोक असतं, तुम्हाला माहीत असेल. कंपाउंडरला वाटलं, देव पावला, भांडण मिटलं, आणि त्याने एकेक घ्यायला सुरुवात केली.

आमच्या घरची फुकणी वेगळी होती. लोखंडी. सासूबाईंचा भाऊ आगबोटीवर खलाशी होता, त्याने बोटीवरच्या कुठल्यातरी जुन्या पाइपाचा तुकडा आणून दिलेला, आत अंगठा जाईल एवढा रुंद. मी ती पदराखाली घेऊन उभी, मला ठाऊक होतं की आज काय ते ठरणार. एकदा काटा खाली दिसू दे, एकदा डॉक्टरीण म्हणू दे हिला खरा दमा आहे, की माझं जनेल झालं. मी मनात सातेरी देवीला सांगितलं, माझी छाती चांगली वाईट दिसूंदे गो बाये, नारळ देईन. असा नवस कोणी केला नसेल जगात.

फुंकलं मी. जेवढं होतं तेवढं फुंकलं, आणि तो मेला डबा असा वर उडाला की कंपाउंडर दोन पावलं मागे सरला. अहो, गावकार, तात्या भावोजी, होडी वल्हवणारे गाबीत, खांब उचलणारे आमचे हे, सगळ्यांच्या वर माझा काटा. कंपाउंडर मोठ्याने म्हणाला, वा ताई, गावात एक नंबर!

शिरा पडली तेच्या एक नंबराक. सगळं देऊळ हसलं. आणि सासूबाई उठून उभ्या राहिल्या, त्यांना तर सोन्याचा दिवस. म्हणाल्या, बगलात मां, आयकलात मां, गावात एक नंबर छाती हिची, आणि चुलीकडे बसली की हिका दम लागता! हे माझ्याकडे बघायला लागले. त्या बघण्यात मला दिसलं की आता ह्यांनासुद्धा वाटतंय, आवस खरी होती. बाई, एवढी वर्षं धापा टाकल्या, पण त्या दिवशी जसा जीव गुदमरला तसा कधी नाही. मी तिथेच खांबाला टेकून रडायला लागले. ह्यापेक्षा दम्याने मेले असते तर बरं, निदान खरी तरी ठरले असते, असं आलं मनात.

पण सासूबाईंना तेवढ्यावर समाधान कुठलं. सून एक नंबर म्हणजे सासू दोन नंबर की काय? त्या पदर खोचून पुढे आल्या आणि माझ्या हातातली फुकणी ओढून घेतली, हाड ती हकडे, फुकणी माझी, माझ्या भावान हाडलेली, आता बगा छाती कशी आसता ती. आणि त्यांनी डोळे मिटून, गाल फुगवून असा जोर लावला की डबा थोडासा हलला आणि सासूबाईंना ढास लागली. आणि ती थांबेना. पहाटेचा खोकला बरा असा खोकला, तोंड काळंनिळं झालं, हातातली फुकणी खाली पडली, मी रडणं विसरून धावले आणि त्यांना मागून धरलं, त्यांचं अंग माझ्या हातात कापत होतं. डॉक्टरीणबाई पडवीतून पळत आल्या, त्यांना खाली बसवलं, छातीला कानातली नळी लावली, पुढून लावली, पाठीला लावली, आणि त्यांचं तोंड गंभीर झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, हा खोकला किती दिवसांचा? सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, खोकलो नाय तो, सकाळी मी गळो साफ करतंय. किती वर्षं करताय? झिलाच्या बारशापासून, झील म्हणजे आमचे हे. विडी ओढता का? आता हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत होत्या, पण सासूबाईंना एवढ्या दमातसुद्धा बळ आलं, म्हणाल्या, तुझी आवस वडता काय गो विडी? डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, उलट त्यांचे डोळे चमकले, त्यांना पाहिजे होतं तेच सापडलं ना! मग त्यांनी माझ्या छातीला नळी लावली आणि कंपाउंडरला म्हणाल्या, हिची छाती तर शिट्टी वाजवतेय, आणि तू म्हणतोस एक नंबर? दाखव बघू बाकीचे आकडे. आकडे बघितले आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. म्हणाल्या, अरे देवा, ह्या गावातला एकही माणूस चालता-बोलता कसा राहिला?

मग त्यांनी यंत्राकडे बघितलं. यंत्राच्या पायाशी पपईच्या देठांचा हा ढीग. एक देठ उचलून त्यांनी डोळ्याला लावला, मग बांबूची फुकणी लावली, मग आमची लोखंडी लावली आणि तिच्यातून कंपाउंडरकडे बघितलं. तो बिचारा अर्धा झाला. बारीक भोकातून कितीही जोर लावा, वारा बाहेर येणार किती? मला रुंद नळी मिळाली म्हणून मी पहिली आले. डॉक्टरीणबाई आधी डोकं धरून बसल्या आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते चष्मा काढून पुसायला लागला.

म्हणाल्या, परत करायचं सगळं, आणि ह्याच काचेतून. झालं, परत उष्टं. परत गावकार विहिरीकडे बघायला लागले. आणि तेव्हा, बाई, माझ्या सासूबाईंचं मी कौतुक करते, करायलाच पाहिजे. त्या तिथे जमिनीवर बसलेल्या, अजून धाप जिरली नव्हती, आणि गावकारांना म्हणाल्या, रे बाबू, तू जल्माक इलंस तेवा तुझ्या तोंडात मधाचां पयलां बोट कोणी घातल्यान? तेवा नाय उष्टां लागलां तुका? आणि तात्या, तुझी नाळ कापून तुका पुसल्यान कोणी? कारण सासूबाई सुईणपण करायच्या ना, अर्धा गाव त्यांच्या हातावर झालेला. म्हणाल्या, हाडा ती काच हकडे, पयल्यांदा माझां तोंड लागतलां, माझां उष्टां जेका नको आसा तेणी भायर उभ्या रवान सांगूचा. कोण सांगणार? गावकार मान खाली घालून म्हणाले, काकी, तुझां उष्टां न्हय, परसाद तो. म्हणजे शेवटी यंत्राचा पहिला मान मिळाला आमच्या सासूबाईंना. त्यांच्यामागून सगळ्या गावाने मुकाट्याने फुंकलं, तात्या भावोजींनीसुद्धा.

ह्या वेळी काटा खरं बोलला. पुरुष बहुतेक ठीक, विडीवाले थोडे खाली, आणि सगळ्यात खाली सासूबाई, आणि त्यांच्या जरा वर मी. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, ह्या सूनबाईंना दमा आहे, खराखुरा, आणि आजींची छाती तर तिच्याहून खराब आहे, आणि दोघींची चूल एकच. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली होती, डोळे पुसत होते. मला तेवढं पुष्कळ झालं. पण सासूबाई काय म्हणाल्या? म्हणाल्या, माझां बगून बगून झालो तो हिका. हिका सगळां माझ्यासारख्यां व्हया.

डॉक्टरीणबाई आमच्या घरी आल्या, चूल बघायला. आत गेल्या आणि तशाच उलट्या बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी, म्हणाल्या, ह्यात तुम्ही स्वयंपाक करता? आणि बोट दाखवलं त्याच मेरेच्या भिंतीकडे, इथे खिडकी पाहिजे. पलीकडे तात्या भावोजी उभेच होते, कान भिंतीला लावून असणार. म्हणाले, डॉक्टरीणबाई, दमो तुमचो, भिंत भावकीची. हे त्यांच्या पाया पडायला निघाले, तर सासूबाईंनी ह्यांना मागे ओढलं आणि स्वतः गेल्या तात्या भावोजींच्या खळ्यात. मला वाटलं आता युद्ध. त्यांनी तिथे तीन दगड गोळा केले आणि मांडायला लागल्या. भावोजी म्हणाले, काकी, ह्यां काय? म्हणाल्या, चूल मांडतंय. माझी छाती गेली, सगळ्या गावान बगल्यान, आता मी हंयच मोकळ्या वाऱ्यार रांदतलंय, फाटफटी उठून हंयच गळो साफ करतलंय, तुझ्या दारात. तात्या भावोजींनी त्या दगडांकडे बघितलं, आपल्या बायकोकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाले, काकी, चूल नको, जनेलच पाडा.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी भिंत फोडली. गजाचं, फणसाच्या लाकडाचं, असं जनेल आमच्या तालुक्यात दुसरं नाही. सकाळचा उजेड पहिल्यांदा चुलीवर पडला, आणि धूर कसा शहाण्या पाहुण्यासारखा उठून बाहेर गेला, मी हात जोडले हो त्याला. सासूबाईंनी त्या उजेडात माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, काळी आसस गो तू, लग्नाच्या वक्ताक कोणी सांगूक नाय.

आणि ते जनेल झालं सासूबाईंचं. पाव्हणे आले की त्या सांगायच्या, माझ्या दम्यासाठी पाडलां, मुंबयच्या डॉक्टरान सांगल्यान. जनेलाखाली पाट टाकून त्याच बसायच्या आणि मी चुलीशी. दोन वर्षांनी डॉक्टरीणबाई परत आल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं, गावोगाव फिरून त्यांना हेच दिसलं, बायकांच्या छातीचं दुखणं चुलीच्या धुरात आहे, आणि ते त्यांनी इंग्रजीत लिहून मोठ्या डॉक्टरांपुढे वाचलंसुद्धा. सासूबाईंनी विचारलं, माझां नाव घातलंस काय? आणि हिचां नको घालू, हिका काय झालेलां?

मला ह्याचं वाईट वाटायचं, खोटं नाही सांगत. वारा मिळाला, रात्रीची झोप मिळाली, ढासही कमी झाली, पण माझा दम खरा आहे, हे ह्या बाईने कधी तोंडातून काढलं नाही. गेल्या पावसात मला जोराचा दम लागला, भात उकडतानाच, आणि मी भिंतीला धरून उभी राहिले, तेव्हा त्या पाटावरून सरकल्या, अर्धा पाट मोकळा केला, आणि म्हणाल्या, बस, पण जनेल माझां आसा. मी बसले. पाठीवरून हात फिरवला त्यांनी, भाताचं हंडं उतू गेलं तरी उठल्या नाहीत. पण दमा म्हणाल्या नाहीत.

आता माझी पस्तिशी उलटली, थोरला मॅट्रिकला बसेल, तात्या भावोजींच्या मुलीच्या लग्नात ह्यांनी फुकट मांडव घातला, सगळं ठीक चाललंय. पाऊस आला की छाती वाजते, ऊन पडलं की थांबते, माणसाने ह्याहून जास्त काय मागायचं. देव तुमचं भलं करो बाई, तुमच्या घरात चार बाजूंनी वारा येवो, आणि आणखी ऐका, त्या डॉक्टरीणबाईंचा कंपाउंडर होता ना, तो दुसऱ्या वेळी आला तेव्हा पिशवीभर रुंद नळ्या घेऊन आला होता, आणि गावकारांना बघून त्याने आधीच—

थांबा. आतून काय म्हणाली सासू? पुरे झालां गो, किती बोलतंस, दम लागात मां तुका.

ऐकलंत? बाई, तुम्ही ऐकलंत ना? तुका म्हणाली. मला म्हणाली. लिहा ते आधी, बाकीचं राहिलं तरी चालेल.